कॉम्प्युटरचा पासवर्ड: बदलताना, विसरल्यावर आणि रीसेट करण्याआधी

पासवर्ड विसरला की घाई होते. कुठलातरी व्हिडिओ उघडायचा, त्यातली पहिली युक्ती करून बघायची आणि एकदाचे आत शिरायचे. बहुतेकदा शिरता येतेही. खरा फटका नंतर बसतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड दिसत नाहीत, एखादा फोल्डर उघडत नाही, किंवा कॉम्प्युटर सुरू होतानाच ४८ आकडी कळ मागतो आणि ती कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नसते.

मी हे स्वतःच्या हाताने केले आहे. आत्याच्या लॅपटॉपवर माझेही अ‍ॅडमिन अकाउंट होते. तिला तिचा पासवर्ड आठवेना, म्हणून मी माझ्या अकाउंटमधून दोन मिनिटांत नवा घालून दिला. मध्ये विंडोजने एक इशारा दाखवला होता, तो न वाचताच मी पुढे गेलो. लॉगिन झाले, पण तिने एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कुलूपबंद करून ठेवलेला कागदपत्रांचा फोल्डर काही उघडेना. इशारा नेमका त्याबद्दलच होता. तेव्हापासून कुणी पासवर्ड रीसेट करून मागितला की मी आधी थांबतो आणि पुढे लिहिलेल्या गोष्टी एकेक करून तपासतो. तुम्हीही त्याच क्रमाने जा. अर्थात कॉम्प्युटर तुमचा असेल किंवा ज्याचा आहे त्याने स्वतः सांगितले असेल तरच. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर यातले काहीही करू नका, आयटी विभागाला फोन करा.

## बदलणे वेगळे, रीसेट करणे वेगळे

पासवर्ड ‘बदलणे’ म्हणजे जुना टाइप करून त्याजागी नवा देणे. ‘रीसेट करणे’ म्हणजे जुना माहीत नसताना नवा घालणे. बोलताना आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो, पण कॉम्प्युटरच्या आत जे घडते ते अगदी वेगळे असते.

पासवर्ड दोन कामे करतो. एक, दारावर तुमची ओळख पटवतो. दोन, आतल्या तिजोरीची किल्ली म्हणून वापरला जातो. साठवलेले वेबसाइटचे पासवर्ड, वाय-फायच्या कळा, सर्टिफिकेट, एन्क्रिप्ट केलेल्या फाइलींच्या कळा हे सगळे त्या तिजोरीत असते. तुम्ही जुना पासवर्ड देऊन नवा ठेवता तेव्हा सिस्टिम जुन्याने तिजोरी उघडते आणि नव्याने पुन्हा बंद करते. रीसेट करता तेव्हा जुना हाताशी नसतो. दाराचे कुलूप बदलते, तिजोरी मात्र जुन्याच किल्लीची राहते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत हे असेच चालते. तिजोरीची नावे तेवढी वेगळी.

‘मग जुना पासवर्डच शोधून दाखव ना’ असे बरेच जण म्हणतात. तो कॉम्प्युटरमध्ये नसतोच. १९६० च्या दशकात एमआयटीतल्या सीटीएसएस या सिस्टिमवर पासवर्ड जसेच्या तसे एका फाइलीत ठेवलेले असत. १९६६ मध्ये एका गडबडीने ती फाइल आणि लॉगिन करताना दिसणारा रोजचा संदेश यांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड दिसले. पुढे सिस्टिम पासवर्डाऐवजी त्याचा हॅश ठेवू लागल्या. हॅश म्हणजे पासवर्डापासून गणिताने काढलेला ठसा. पासवर्डापासून ठसा काढता येतो, ठशावरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. म्हणून विसरलेला पासवर्ड परत मिळत नाही. एक तर तो आठवावा लागतो, नाहीतर नवा घालावा लागतो.

यातून पहिला नियम निघतो: जुना आठवण्याची थोडीशीही शक्यता असेल तर रीसेट हा शेवटचा उपाय ठेवा.

## खरंच विसरलात का, हे आधी तपासा

माझ्याकडे आलेल्या ‘विसरलेल्या’ पासवर्डांपैकी बरेचसे विसरलेले नव्हते, चुकीचे टाइप होत होते. कॅप्स लॉक बघा. आकड्यांसाठी उजवीकडचा कीपॅड वापरत असाल तर नम लॉक बघा. पासवर्डाच्या चौकटीत डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून धरा, टाइप झालेली अक्षरे दिसतील.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा सापळा कीबोर्डच्या भाषेचा आहे. लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात भाषेचे चिन्ह असते. तिथे मराठी किंवा इंग्रजीचाच वेगळा प्रकार निवडला गेला असेल, तर तुम्ही दाबता एक आणि उमटते दुसरे. ॲट, हॅश, अवतरण अशी चिन्हे अमेरिकन आणि ब्रिटिश मांडणीत वेगळ्या जागी असतात, त्यामुळे अक्षरे बरोबर येऊनही पासवर्ड चुकतो. भाषा बदलून पुन्हा प्रयत्न करा. एखादे बटण खराब झाल्याची शंका असेल तर सुलभतेच्या चिन्हावर क्लिक करून स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा आणि माऊसने टाइप करा.

सतत चुकीचे प्रयत्न करत राहू नका. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या सिस्टिमवर १० मिनिटांत १० चुका झाल्या की अकाउंट १० मिनिटांसाठी बंद होते. अशा वेळी बरोबर पासवर्डही चालत नाही आणि माणसाला वाटते की तोही चुकलाच. उठा, थोड्या वेळाने परत या. हाताला पासवर्ड आठवतो, डोक्याला आठवत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. विचार न करता, नेहमीच्या वेगाने टाइप करून बघा.

## डिस्कला कुलूप आहे का

रीसेटच्या कुठल्याही वाटेने जाण्याआधी हे बघायलाच हवे. अकाउंटचा पासवर्ड आणि डिस्कचे एन्क्रिप्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजमध्ये डिस्कच्या कुलपाचे नाव बिटलॉकर, होम आवृत्तीत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर बहुधा लक्स.

विंडोज ११ च्या २४एच२ पासून, नवी सिस्टिम बसवून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केले की हे एन्क्रिप्शन बऱ्याच कॉम्प्युटरवर आपोआप सुरू होते. त्यामुळे ‘मी कधी लावलेच नाही’ यावर विसंबू नका. रिकव्हरी कळ ४८ आकड्यांची असते आणि आपोआप सुरू झालेल्या एन्क्रिप्शनची कळ मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर, डिव्हाइसच्या यादीत साठवलेली असते. फोनवरून तिथे लॉगिन करा, कळ उतरवून घ्या आणि ती याच कॉम्प्युटरची आहे ना, हे कळीच्या ओळख क्रमांकावरून जुळवून घ्या. घरात दोन-तीन लॅपटॉप असले की चुकीची कळ हाती लागते.

कळ नसेल तर रिकव्हरीच्या स्क्रीनमध्ये शिरून, स्टार्टअपच्या सेटिंग्ज बदलून किंवा पेन ड्राइव्हवरून सिस्टिम सुरू करून प्रयोग करू नका. असा बदल दिसला की बिटलॉकर कळ मागतो, आणि ती नसेल तर डेटा कायमचा गेला. लॉगिन स्क्रीनवरून चालणाऱ्या एका सिस्टिम फाइलीची दुसरीशी अदलाबदल करण्याची एक जुनी युक्ती व्हिडिओंमध्ये अजून फिरते. ती मी कुणाला सुचवत नाही. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर कळीशिवाय ती चालत नाही, अँटिव्हायरस तिला हल्ला समजून अडवतो, आणि चाललीच तरी शेवटी होतो तो रीसेटच, म्हणजे तिजोरी बंदच राहते.

## विंडोज: अकाउंट कुठले आहे यावर सगळे ठरते

लॉगिन स्क्रीनवर नावाखाली ईमेल पत्ता दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंट. नुसते नाव दिसत असेल तर ते लोकल, म्हणजे फक्त त्या कॉम्प्युटरपुरते अकाउंट असू शकते, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटचाही ईमेल तिथे लपवलेला असू शकतो. आत असताना खात्री करायची तर सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि मग ‘युवर इन्फो’ उघडा, लोकल असेल तर तिथे तसे लिहिलेले असते.

पिन हा तिसरा प्रकार, आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. विंडोज हॅलो म्हणजे पिन, बोट किंवा चेहऱ्याने लॉगिन करण्याची सोय. तिचा पिन फक्त त्या एका कॉम्प्युटरपुरता असतो. तो विसरलात म्हणजे पासवर्ड गेला असे नाही. लॉगिन स्क्रीनवर ‘आय फरगॉट माय पिन’ निवडा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटची ओळख पटवा, नवा पिन ठेवा. उलट बाजूने मात्र पिनच पासवर्ड विसरायला लावतो. दोन-तीन वर्षे रोज चार आकडे टाइप केले की मूळ पासवर्ड डोक्यातून निघून जातो. म्हणून अधूनमधून ‘साइन-इन ऑप्शन्स’ मधून मुद्दाम पासवर्डाने लॉगिन करा. तो पर्यायच दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये, मायक्रोसॉफ्ट अकाउंटसाठी फक्त विंडोज हॅलो चालू ठेवणारा एक स्विच असतो, तो चालू असणार.

पासवर्ड माहीत आहे, फक्त बदलायचा आहे. लोकल अकाउंट असेल तर सेटिंग्ज, ‘अकाउंट्स’, ‘साइन-इन ऑप्शन्स’, ‘पासवर्ड’, ‘चेंज’. आधी जुना, मग नवा दोनदा, आणि एक इशारावजा खूण. खूण लॉगिन स्क्रीनवर कुणालाही दिसते, तिथे पासवर्डाचा तुकडा लिहू नका. याहून लवकर हवे असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून ‘चेंज अ पासवर्ड’ निवडा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड त्यांच्या वेबसाइटवर, सुरक्षिततेच्या पानावर बदला. तो त्या अकाउंटच्या ईमेल आणि इतर सेवांसाठीही बदलतो, हे लक्षात असू द्या.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड विसरलात. फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्यांचे पासवर्ड रीसेटचे पान उघडा, ईमेलवर किंवा फोनवर आलेला कोड द्या, नवा पासवर्ड ठेवा. मग बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर या आणि लॉगिन स्क्रीनवरूनच वाय-फाय जोडा. ही पायरी बरेच जण विसरतात. इंटरनेट नसेल तर कॉम्प्युटरला नव्या पासवर्डाची बातमीच पोचलेली नसते, तो जुनाच मागत राहतो.

कोड येणारा फोन नंबर बंद झालेला असेल तर काम लांबते. सुरक्षेची सगळी माहिती एकदम बदलली तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावते. तेव्हा आजच, सगळे नीट चालू असताना, त्या पानावर जाऊन नंबर आणि दुसरा ईमेल अजून तुमचेच आहेत ना ते बघा.

लोकल अकाउंटचा पासवर्ड विसरलात. इथे चार वाटा आहेत. मी ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने त्या वापरून बघा.

पहिली वाट पासवर्ड रीसेट डिस्कची. ती आधी करून ठेवलेली असावी लागते. लॉगिन चालू असताना पेन ड्राइव्ह लावा, टास्कबारच्या शोध चौकटीत ‘क्रिएट अ पासवर्ड रीसेट डिस्क’ शोधा आणि विझार्ड सांगेल तसे करा. पेन ड्राइव्हवर एक छोटीशी फाइल तयार होते. पुढे पासवर्ड कितीही वेळा बदललात तरी तीच चालते, नवी डिस्क केली की मात्र जुनी निकामी. विसरल्यावर एकदा चुकीचा पासवर्ड टाका, खाली ‘रीसेट पासवर्ड’ दिसेल, पेन ड्राइव्ह लावून पुढे जा. या वाटेने गेल्यास तिजोरीही शाबूत राहते, म्हणून लोकल अकाउंट वापरणाऱ्या प्रत्येकाने ही डिस्क करावी असे मला मनापासून वाटते. ज्याच्या हाती ती पडेल तो आत शिरू शकतो, तेव्हा लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

दुसरी वाट सुरक्षा प्रश्नांची. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून लोकल अकाउंटला तीन प्रश्न ठेवता येतात. चुकीच्या पासवर्डानंतर येणाऱ्या ‘रीसेट पासवर्ड’ वर क्लिक केले की तेच विचारले जातात. उत्तरे खरी असायलाच हवीत असे नाही. पहिल्या शाळेचे नाव तुमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांना ठाऊक असते. तिथे असंबद्ध उत्तर द्या आणि ते कागदावर लिहून ठेवा.

तिसरी वाट दुसऱ्या अ‍ॅडमिन अकाउंटची. आत्याच्या लॅपटॉपवर मी वापरली ती हीच. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘युजर अकाउंट्स’ उघडा, ‘मॅनेज अनदर अकाउंट’ वर जा, ज्याचा पासवर्ड गेला ते अकाउंट निवडा, ‘चेंज द पासवर्ड’ म्हणा. यादीत अकाउंट दिसत नसेल तर कमांडने करा:

१. विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबा, ‘टर्मिनल अ‍ॅडमिन’ निवडा आणि परवानगी द्या.
२. ‘नेट युजर’ हे दोन शब्द रोमन लिपीत, मध्ये जागा सोडून टाइप करा आणि एंटर दाबा. सगळ्या अकाउंटची नावे येतील. लॉगिन स्क्रीनवरचे नाव आणि हे नाव वेगळे असू शकते.
३. पुन्हा ‘नेट युजर’, जागा, अकाउंटचे नाव, जागा, तारांकनाचे चिन्ह, एंटर. नावात जागा असेल तर नाव दुहेरी अवतरणात घाला.
४. नवा पासवर्ड दोनदा मागितला जाईल. टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, कीबोर्ड बंद पडला असे समजू नका.

पासवर्ड तारांकनाऐवजी थेट कमांडमध्येच लिहिता येतो, पण मग तो स्क्रीनवर आणि टर्मिनलच्या इतिहासात राहतो. तारांकनच वापरा.

या वाटेची किंमत पुन्हा एकदा सांगतो: एन्क्रिप्ट केलेल्या फाइली, वैयक्तिक सर्टिफिकेट आणि साठवलेले पासवर्ड हाताबाहेर जातात. पण ते पुसले गेलेले नसतात, जुन्या किल्लीमागे अडकलेले असतात. आत्याला आठवडाभराने जुना पासवर्ड आठवला. आम्ही तोच पुन्हा ठेवला आणि फोल्डर उघडला. म्हणून रीसेटनंतर न उघडणाऱ्या फाइली रागाने डिलीट करू नका.

चौथी वाट सगळे पुसण्याची. लॉगिन स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरा, पॉवरच्या चिन्हातून ‘रीस्टार्ट’ निवडा, मग ‘ट्रबलशूट’ आणि ‘रीसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय बघून आशा वाटते, पण इथून गेल्यावर तो अकाउंटचा पासवर्ड मागू शकतो, म्हणजे आपण पुन्हा तिथेच. उरते ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. त्याआधी, डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर, पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये कॉम्प्युटर सुरू करून फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. तासभराचे काम आहे, पण वर्षांचे फोटो वाचतात.

## मॅक

पासवर्ड बदलायचा तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘युजर्स अँड ग्रुप्स’, नावाशेजारचे माहितीचे चिन्ह, ‘चेंज पासवर्ड’. व्हेंच्युरापूर्वीच्या, म्हणजे २०२२ आधीच्या सिस्टिमवर हेच ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’ मध्ये सापडेल.

विसरलात तर लॉगिन स्क्रीनवर चौकटीतले प्रश्नचिन्ह दाबा, किंवा दोन-तीनदा चुकीचा पासवर्ड टाका. मॅक अ‍ॅपल अकाउंटने, किंवा फाइलव्हॉल्ट चालू असेल तर त्याच्या रिकव्हरी कळीने रीसेट करायचा पर्याय देतो. काहीच दिसले नाही तर मॅक बंद करून रिकव्हरीत जा. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा असेल तर पॉवरचे बटण स्टार्टअपचे पर्याय दिसेपर्यंत दाबून धरा आणि ‘ऑप्शन्स’ निवडा. इंटेलचा असेल तर सुरू होताना कमांड आणि आर दाबून धरा. तिथे पासवर्ड विसरल्याचा पर्याय नसेल तर वरच्या मेनूतून ‘युटिलिटीज’, ‘टर्मिनल’ उघडा, ‘रीसेटपासवर्ड’ हा एकच शब्द रोमनमध्ये सलग टाइप करून एंटर दाबा आणि समोर येणाऱ्या खिडकीतल्या सूचना वाचत जा.

इथली तिजोरी म्हणजे कीचेन. रीसेटनंतर लॉगिन झाल्यावर ‘तुमची लॉगिन कीचेन उघडता आली नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊ शकतो. नवी कीचेन तयार करायला परवानगी द्या. जुनी फाइल कॉम्प्युटरवर राहते आणि जुना पासवर्ड कधी आठवला तर ‘कीचेन अ‍ॅक्सेस’ मधून उघडता येते. आयक्लाउड कीचेन चालू असेल तर बहुतेक वेबसाइटचे पासवर्ड तिथून परत येतात.

## लिनक्स

आत असाल तर टर्मिनल उघडा आणि पी, ए, एस, एस, डब्ल्यू, डी ही सहा अक्षरे लहान लिपीत सलग टाइप करा. या कमांडला सगळे ‘पासवर्ड कमांड’ म्हणत असले तरी मधली ‘ओ’ आणि ‘आर’ ही अक्षरे त्यात नाहीत. जुना एकदा, नवा दोनदा. दुसऱ्या कुणाचा बदलायचा असेल तर आधी ‘सुडो’ (म्हणजे ‘अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालव’) आणि शेवटी त्याच्या अकाउंटचे नाव.

विसरल्यावर, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर असे करा:

१. कॉम्प्युटर सुरू होताना शिफ्ट धरा. नवीन, यूईएफआयच्या कॉम्प्युटरवर एस्केप दाबा. ग्रबचा, म्हणजे सिस्टिम कशी सुरू करायची ते विचारणारा मेनू दिसेल.
२. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जाऊन ‘रिकव्हरी मोड’ असे लिहिलेली ओळ निवडा.
३. पुढच्या मेनूत ‘रूट’ निवडा, एंटर दाबून कमांडच्या ओळीवर या.
४. डिस्क या क्षणी फक्त वाचण्यापुरती जोडलेली असू शकते. ती लिहिण्याजोगी करण्यासाठी ‘माउंट’, जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून ओ, जागा, ‘रीमाउंट’, लगेच स्वल्पविराम, लगेच आर आणि डब्ल्यू, जागा, तिरकी रेघ, एंटर.
५. वरची सहा अक्षरी कमांड, जागा, तुमच्या अकाउंटचे नाव. नवा पासवर्ड दोनदा द्या आणि रीबूट करा.

चौथी पायरी गाळली तर पासवर्ड बदलताना ‘टोकन मॅनिप्युलेशन’ची चूक दिसते आणि माणूस गोंधळतो. डिस्क लक्सने एन्क्रिप्ट असेल तर रिकव्हरीत जाण्याआधीच तिचा वाक्यांश मागितला जातो. तो लॉगिनच्या पासवर्डापेक्षा वेगळा असतो आणि या कमांडने बदलत नाही.

इथली तिजोरी म्हणजे कीरिंग. रीसेटनंतर ‘लॉगिन कीरिंग उघडली नाही’ असा संदेश वारंवार येतो. ‘पासवर्ड्स अँड कीज’ या प्रोग्रॅममध्ये जुना पासवर्ड देऊन कीरिंगचा पासवर्ड बदला. तो आठवतच नसेल तर जुनी ‘लॉगिन’ कीरिंग काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी तयार होईल.

बायोसचा, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड यांपैकी कशानेही निघत नाही. अलीकडच्या लॅपटॉपवर बॅटरी काढूनही सहसा फरक पडत नाही. खरेदीचे बिल घेऊन बनवणाऱ्या कंपनीकडे जावे लागते.

## नवा पासवर्ड कसा ठेवायचा

‘दर तीन महिन्यांनी बदला, एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह’ हा सल्ला आपण इतका ऐकला आहे की तो चुकीचा असेल असे वाटतच नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी २००३ मध्ये तो लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये, त्यातल्या बऱ्याच भागाचा पस्तावा होतो असे जाहीरपणे सांगितले. सक्तीने बदलायला लावले की लोक शेवटचा १ काढून २ करतात, एवढेच होते. एनआयएसटीच्या २०२५ च्या आवृत्तीत ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती करू नये असे स्पष्ट आहे, आणि पासवर्ड हा एकमेव पुरावा असेल तर तो किमान १५ अक्षरांचा असावा असेही. दुसऱ्या कुणाला कळल्याची शंका आली की मात्र लगेच बदला.

पंधरा अक्षरे लक्षात ठेवायची सोपी रीत म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द. डाइसवेअर पद्धतीत ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून शब्द निवडतात. पाच शब्द घेतले तर शक्यता २८ वर १८ शून्ये इतक्या होतात. डिस्कच्या कुलपासाठी मी हीच पद्धत वापरतो. शब्द मराठी असले तरी चालतात, उलट बरेच, पण ते रोमन लिपीत लिहा आणि स्पेलिंग एकदाच ठरवून टाका. ‘वादळ’ मध्ये एकच ‘ए’ की दोन, हे सहा महिन्यांनी आठवत नाही आणि मग बरोबर शब्द माहीत असूनही दार उघडत नाही. देवनागरीत पासवर्ड ठेवू नका. काही लॉगिन स्क्रीनवर आणि रिकव्हरीच्या जवळजवळ सगळ्या स्क्रीनवर मराठी कीबोर्ड नसतो. पाठ असलेली कविता किंवा म्हणही नको, कारण ती इतरांनाही पाठ असते.

वेबसाइटचे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. पण कॉम्प्युटरच्या लॉगिनचा पासवर्ड फक्त त्याच कॉम्प्युटरवरच्या मॅनेजरमध्ये ठेवणे म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेणे. तो फोनवर किंवा कागदावर हवा. कागदाला लोक उगाच भितात. घरातल्या कपाटात ठेवलेला कागद इंटरनेटवरच्या चोराला दिसत नाही.

## आज अर्ध्या तासात करून ठेवण्यासारखे

रोजच्या वापराचे अकाउंट साधे, म्हणजे ‘स्टँडर्ड’ ठेवा आणि अ‍ॅडमिन अकाउंट वेगळे करा. काही इन्स्टॉल करताना त्याचा पासवर्ड मागितला जाईल, तेवढा त्रास सोसा. चुकून उघडलेल्या वाईट प्रोग्रॅमचा हात त्यामुळे आखूड होतो, आणि एका अकाउंटचा पासवर्ड गेला तर दुसरे उरते. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचे अकाउंट द्या. एकच पासवर्ड चौघांना माहीत असला की तो बदलला कुणी, हा प्रश्न कधीच सुटत नाही.

मग एक कागद घ्या. त्यावर अ‍ॅडमिन अकाउंटचे नाव आणि पासवर्ड, डिस्कची रिकव्हरी कळ आणि तिचा ओळख क्रमांक, मायक्रोसॉफ्ट किंवा अ‍ॅपल अकाउंटचा ईमेल, सुरक्षा प्रश्नांची उत्तरे आणि आजची तारीख लिहा. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांत गल्लत होणार नाही असे स्पष्ट लिहा. त्याच पाकिटात रीसेट डिस्कचा पेन ड्राइव्ह घाला आणि घरातल्या आणखी एका माणसाला पाकिटाची जागा सांगून ठेवा.

आता कागद समोर धरून लॉग आउट करा आणि त्यावर लिहिलेला पासवर्ड बघून एकदा आत या. लिहिताना चूक झाली असेल तर ती आत्ताच कळेल.